मधले दात

गावाचं नाव वाकीनी,
आणि रस्त्याला औषधालाही वाक नाही.
धान्याच्या कोठारापासून निघतो
तो थेट कॅन्ससच्या आभाळाच्या बुडाशी जाऊन टेकतो.

अल्विन ड्रायलिंगचा ट्रक मी घेतला
नऊशे डॉलर आणि लिंबाच्या लोणच्याची एक बरणी देऊन.
शहात्तर सालचा फोर्ड, एकेकाळी हिरवा.
स्टीअरिंग बोटभर फिरवा: काही नाही.
अजून बोटभर: काही नाही.
मग ट्रकला एकदम आठवतं.

"त्याला जरा विचार करू द्यावा लागतो,"
अल्विन म्हणाला, आणि किल्ली माझ्या हातात ठेवताना
तीही थोडी उशिरा सोडली.

पहिल्या रविवारी मी स्वस्तातला उपाय केला.
वरचा नट सैल, स्क्रू पाव फेरा आत.
सरळ रस्त्यावर काय सुरेख,
पण पेट्रोल पंपाशी वळताना असं जाम झालं
की खांब चुकला तो माझ्या पुण्याईने नव्हे,
ब्रेकच्या.
स्क्रू परत मागे.

विचिटाहून दुरुस्त केलेला बॉक्स मागवला.
जुना उतरवायचा तर आधी पिटमन आर्म सुटायला हवा,
आणि तो काही सुटेना.
तेल ओतलं. पुलर लावून आवळला. हातोडी घातली.
इचलकरंजीला मामा मागाचे सुटे भाग करायचा,
तो म्हणायचा, लोखंडाशी भांडू नये,
ताण देऊन ठेवावं आणि चहाला जावं.
गेले.
पोळी तव्यावर असताना बाहेर बार उडाल्यासारखा आवाज झाला.
अल्विन बादली पालथी घालून बसला होता,
म्हणाला, "मी हात लावला नाही."

बॉक्स उघडला. ग्रीस काळं, जुन्या औषधाच्या वासाचं.
मी इथल्या इस्पितळात एक्स-रे काढते,
झीज कुठे शोधायची ते डोळ्यांना ठाऊक असतं.
तरी थांबले.
कडेचे दात कोरे, जणू काल कारखान्यातून आलेले.
मधले तेवढे झिजून चमच्यासारखे.

"तुम्ही कधी वळलाच नाहीत का हो?"

तो हसला नाही. हिशोब करत बसला.
शेत, कोठार, चर्च.
मग बर्नडीनला डायलिसिसला हेजला,
आठवड्यातून तीनदा, सहा वर्षं.
"सगळं एकाच रस्त्यावर होतं," म्हणाला.

नवा बॉक्स बसवायला तासभरही लागला नाही.
तीन बोल्ट, तो आर्म, रबराचा जोड.
पहिली फेरी तुम्हीच मारा, म्हटलं.

आणि मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर
ट्रक झिंगल्यासारखा चालला.
"हात स्थिर ठेवा, मिस्टर ड्रायलिंग."
"स्थिरच आहेत."
नव्हते.
जरा डावीकडे, जरा उजवीकडे,
चाळीस वर्षं बॉक्सने जे खाल्लं
ते हात अजून भरून काढत होते,
आणि ट्रक आता सांगितलेलं सगळं
लगेच ऐकत होता.

मैलभराने त्याने गाडी कडेला घेतली.
उतरला, पुढून वळसा घालून माझ्या दाराशी आला.
मी सरकले.

जुना बॉक्स परत पाठवला तर साठ डॉलर मिळणार होते,
म्हणून झाकण लावून तो गोणपाटात गुंडाळला होता.
परतीच्या वाटेवर अल्विनने तो मांडीवर घेतला.
एक हात खालच्या दांड्यावर, दुसऱ्याने वरचा फिरवत.
मी नजर रस्त्यावर ठेवली.

बोटभर: काही नाही.
अजून बोटभर: